हवेचा स्क्रू कोण फिरवतंय?

लोमेल, गुरुवार

प्रिय गोमारमामा,

नमस्कार. समुद्राची हवा तुमच्या उजव्या गुडघ्याला मानवली असेल अशी आशा आहे. (डाव्याची चौकशी आई फोनवर करते, म्हणून मी उजवा घेतला.) मामींनाही नमस्कार सांगा. इकडे सगळे बरे आहेत, फक्त घरात एक घातपाती आहे.

रविवारी माझी पहिली शर्यत. तुम्ही दिलेली टू-स्ट्रोक मोटरसायकल मी स्वतःच्या हातांनी तयार करायची ठरवली, कारण घरातली पहिली इंजिनिअर झाल्यावर शिकलेलं नुसतं कागदावर ठेवणं मला पटत नाही. सोमवारी कार्ब्युरेटर उतरवला, आईच्या ताटं पुसायच्या फडक्यावर एकेक भाग क्रमाने मांडला, झिजलेली सुई बदलली. या उकाड्याचं तापमान आणि दमटपणा धरून दोन पानं गणित केलं आणि पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य जेट १७५ चा काढून बारीक भोकाचा १६८ चा बसवला. हवेचा स्क्रू बरोबर दीड फेरा उघडून त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ मारली. (शास्त्र म्हणून. तेव्हा संशय नव्हता.)

मंगळवारी वाळूत सराव करून आले, तर मूठ सोडली तरी इंजिन किंचाळतच राहिलं. रेघ पाहिली. स्क्रू सव्वादोन फेरे उघडा! पुन्हा दीडवर आणला. बुधवारी सराव झाला, पुन्हा तेच. म्हणजे जो कोणी आहे तो माझ्या सरावाच्या वेळा पाळतो. मी शेडमध्ये फरशीवर पीठ पसरलं. त्यावर फक्त माझेच ठसे उमटले, यावरून तो किती सावध आहे ते लक्षात घ्या.

आधी शर्यतीच्या क्लबवर संशय होता. आपला जेट कितीचा हे तिथे कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ज्ञान सर्वांचं असावं म्हणून मी कँटीनमध्ये तक्ता लावला : प्रत्येकाने नाव आणि जेटचा आकडा लिहावा. एकाने बुटाचा नंबर लिहिला, एकाने घराचा, आणि एकाने सासूचं वय. योप्पेने, माझ्याच भावाने, जागा कोरी ठेवली. तिथेच माझं डोकं चाललं. सोमवारी जेवणाआधी तो शेडमधून बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताला पेट्रोलचा वास होता. (तो गॅरेजात काम करतो, वास रोजच असतो. पण सोमवारी जास्त होता.)

काल जेवताना मी सगळे पुरावे तारीखवार मांडले. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्याला बहिणीच्या पदवीचा मत्सर वाटणं स्वाभाविक आहे, असंही समजुतीने म्हटलं. आई म्हणाली, बटाटे गार होतायत. योप्पेने काटा खाली ठेवला.

"ताई, तुझ्याकडे पदवी आहे, माझ्याकडे हात. दोन्ही एका घरात नांदतील असं मला वाटलं होतं. रविवारी गाडी न्यायला दुसरी व्हॅन बघ."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. घरात दुसरी व्हॅन नाही. समुद्राच्या हवेतून एक दिवस बदल म्हणून तुम्ही व्हॅन घेऊन आलात, तर गुडघ्यालाही बरं वाटेल.

तुमची,
फेर्ले

ता. क. आत्ताच आईने धुतलेल्या फडक्याच्या शिवणीतून एक बारीक स्प्रिंग काढून दिली आणि विचारलं, ही तुझीच का? ती हवेच्या स्क्रूखालची आहे. तिच्याशिवाय तो स्क्रू इंजिनाच्या थरथरीने आपोआप फिरतो. पिठाबद्दलचा मजकूर वाचू नये.

ता. क. २. स्प्रिंग बसवताना खात्रीसाठी कार्ब्युरेटरची खालची वाटीही उघडली. आतला जेट माझा नाही. कोणीतरी बदललाय, आणि १७५ पेक्षाही मोठा घातलाय. गणितात मी वाळू धरलीच नव्हती, मामा. रुतत्या चाकाला पेट्रोल जास्त लागतं. १६८ वर पहिल्याच चढाला पिस्टन जाम होऊन मी हँडलवरून पुढे गेले असते. तशीच गॅरेजात गेले आणि योप्पेची स्क्रूबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "रविवारी सकाळी सहाला तयार राहा." जेटचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

तेव्हा व्हॅन नको. तुम्ही मात्र या, आणि त्याच्यासमोर यातलं काही बोलू नका. तो जेट कितीचा आहे ते इथे लिहीत नाही. पत्र कोण उघडेल सांगता येत नाही.