कुडझूने विचारलं तेव्हा

अकोला
१४ जून २००६

प्रिय साधना,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून ते फोडावं की फेकून द्यावं, असा विचार केला असशील. फोडलंस ना? मग शेवटपर्यंत वाच.

मागच्या आठवड्यात बार्शीटाकळीचे देवरावकाका आपल्या शेतकरी माहिती केंद्रात आले होते. बियाण्याची चौकशी राहिली बाजूला, आधी म्हणे, "थे खोडरबरवाली पोरगी कुठी गेली?" आठ महिने मी त्याच खुर्चीत बसते आहे, त्यांना माझं नावही ठाऊक नाही! माझा नुसता जळफळाट झाला. तू अंजनगावला वडिलांच्या भाजीच्या दुकानामागे लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस आणि पार परतवाड्याहून गिऱ्हाईक येतं, हेही ऐकलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. हे आजचं नाही गं. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हाही ईदला शिरखुर्म्याची पहिली वाटी अम्मी तुझ्याच हातात द्यायची, आणि मी तिची सख्खी मुलगी बघत बसायची.

तू गेल्यावर तुझा शनिवारचा रिवाज मी बंद केला. शेजारच्या जिनिंग मिलमधून कापसाचे बारीक तंतू उडून आपल्या कॉम्प्युटरमध्ये बसायचे. तू अमरावतीशी जोडणारं नेटवर्क कार्ड काढून त्याच्या पिवळ्या धातूच्या दातांवर शाळेतलं खोडरबर घासायचीस, आणि तेवढ्या वेळात बाकीचं मशीन धड चालतं का हे पाहायला मला ते सुरू करायला लावायचीस. मग काळ्या पडद्यावर कुडझू यायचा. मशीनमधलं काय गेलं, काय नवं आलं, हे ताडून पाहणारा प्रोग्राम. तू त्याला चौकीदार म्हणायचीस. कार्ड दिसत नाही, त्याची नोंद काढून टाकू, ठेवू, की काहीच करू नको, एवढं विचारून तो अर्धं मिनिट थांबायचा. "ठेव म्हनाचं. कार्ड कुठी गेलं नाई, माह्या हातात हाये," हे तू दर शनिवारी सांगायचीस. मी ते कधीच विसरले नव्हते.

ऑक्टोबरमधला तो शनिवार आठव. आपल्यापैकी एकीला कायम करायचं म्हणून अमरावतीचे साहेब आले होते. आत आल्याआल्या त्यांनी विचारलं, साधना कोण? मी त्यांच्या पुढ्यातच उभी होते. तू कोपऱ्यात कार्ड घासत होतीस, कीबोर्ड माझ्यासमोर होता. कुडझूने विचारलं आणि मी 'काढून टाक' निवडलं. चुकून नाही, साधना. अर्धं मिनिट होतं माझ्याकडे, ते मी जवळजवळ सगळं वापरलं. तू कार्ड परत बसवलंस, पण अमरावतीशी जोडणी होईना. नोंदीबरोबर जोडणीचे आकडेही पुसले गेले होते आणि ते कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. तीन दिवस केंद्र बंद राहिलं. हिवरखेडहून आलेली माणसं कापसाचा भाव न कळताच परत गेली. साहेब चिडले तेव्हा तू म्हणालीस, "मशीन म्या खोललं, चूक माहीच हाये." माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? तुझा तो मोठेपणाही मला सहन झाला नाही.

परवा त्याच साहेबांचा फोन आला. अमरावतीच्या मुख्य कार्यालयात सगळ्या केंद्रांची मशीन सांभाळायला माणूस हवा आहे. तुझं नाव पुढे आलंय, पण ती निष्काळजी आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मला! फक्त हो म्हणायचं होतं. मी कळवते म्हणाले आणि दिवसभर जेवले नाही. काल त्यांना लेखी कळवलं की ते बटण मी दाबलं आणि का दाबलं. खाली सही केली. माझी खुर्ची जाईल बहुतेक. सोमवारी तुला बोलावणं येईल, त्याआधी मी काय केलं ते तुला बाहेरून न कळता माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तुझं खोडरबर ड्रॉवरमध्येच राहिलं होतं, ते सोबत पाठवते आहे. तुला ती नोकरी मिळाली की मी पुन्हा जळणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तू जा.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुझीच
उज्मा