गाडी मागून जड आहे

करी रोड, ८ जानेवारी २०२५

ती. कमलताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासाठी घेतलेली जुनी कॅरावॅन मागून जड आहे. शिवडीच्या वजनकाट्यावरच्या उन्मेषने काल दोनदा तोलून खात्री केली. पुढच्या चाकांवर नऊशे किलो, मागच्यांवर एकवीसशे. म्हणून साठच्या पुढे गेले की गाडी शेपूट हलवते आणि स्टिअरिंग हातात हलके लागते.

फिटर शामराव म्हणाला, रघु, तू गाडी नाही, चाळीतली खोली बांधलीस. माळा मी केला होता, हे खरे. त्यावर पितळी भांडी होती, हेही खरे. शिवाय मागच्या चाकांच्याही मागे पाण्याचे दोन ड्रम. आता माळा काढतो, शॉकअप बदलतो, ड्रम पुढे आणतो. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून सगळे सविस्तर लिहिले. पाठ कशी आहे?

माया कमी करू नकोस.
तुझा रघु

गिरगाव, ११ जानेवारी

चि. रघूस,
अ. उ. आ.

पाठ तशीच. ऑपरेशननंतर बसून प्रवास नाही, झोपून चालेल, असे डॉक्टरांनी काल पुन्हा सांगितले. चिपळूणला मेघनाची मुलगी तीन महिन्यांची झाली. आई येऊ दे म्हणून मेघनाने बारसे दोनदा पुढे ढकलले. आता सासरच्यांनी २ फेब्रुवारी ठरवली आहे, ती हलणार नाही. नातीला मी अजून फोटोतच पाहते.

लहानपणी तुझ्या सायकलवरून पडले, तेव्हापासून तुझे ड्रायव्हिंग मी जाणून आहे. तेव्हा आधी गाडीतल्या त्या पलंगावर तू झोप, गाडी शामरावांना चालवू दे. पनवेलपर्यंत जाऊन या. नीट झाले तरच मी घराबाहेर पडेन.

रागावू नकोस, हक्काने लिहिते.
तुझी ताई

करी रोड, २७ जानेवारी

ती. कमलताईस,
शि. सा. न. वि. वि.

१९ तारखेला, रविवारी, पनवेलच्या अलीकडे मी पलंगावरून खाली पडलो. गुडघा जरा सुजला आहे. आदल्या दिवशी काट्यावर आकडे उत्तम आले होते. ड्रम मात्र मागेच राहिले होते. रिकाम्या ड्रमचे काय वजन, असे मीच शामरावला म्हणालो. त्या रविवारी पहाटे नळ आला. नळ चालू आणि ड्रम रिकामे, हे आमच्या हिला बघवेना. चारशे लिटर भरले. पाइप मी धरला होता.

दोन्ही ड्रम काढून टाकले. आता साठ लिटरची एकच टाकी, खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. ती भरून तोलली आणि काल पुन्हा पनवेलला गेलो. पलंगावर मला झोप लागली. परत आल्यावर शामरावने उठवले. आता पुन्हा एकदा तोलायचे आहे, तुला आत झोपवून, असे तो म्हणतो.

येशील ना?
तुझा रघु

गिरगाव, २९ जानेवारी

चि. रघूस,
अ. उ. आ.

बायकोला बोलू नकोस. मी असते तर वर दोन बादल्याही भरून ठेवल्या असत्या.

येते. शनिवारी सकाळी सहाला गाडी खाली लाव. चौघे मला स्ट्रेचरवरून उतरवतील. त्यांत तू नको, तुझा गुडघा. काट्यावर तोलायचे तर तोला. संध्याकाळपर्यंत चिपळूण गाठू.

रविवारी आत्या नाव ठेवील. डॉक्टरांनी मला पाच मिनिटे उभे राहायला परवानगी दिली आहे. पाळण्यापाशी तेवढी पुरतील.

आहे तशी माया ठेव.
तुझी ताई