कोमट पाणी

कोल्हापूर
१५ नोव्हेंबर २००१

चि. सौ. सुष्मितास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडे निपाणीला तू, संगमेशराव आणि सासूबाई खुशाल असाल असं धरून चालते, कारण यंदा दिवाळी आली तरी तुझं पत्र नाही. रागावलीस. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि आईच फोनवर म्हणते, "इथं सोय न्हाय." तुझ्या जागी मी असते तर आईचं नावही घेतलं नसतं.

शालूबाई हल्ली चहाला येत नाही. मी सवयीनं दोघींचा चहा टाकते आणि दोन्ही कप मीच पिते. माझा रंग फार काळवंडलाय, पोरी. शालूबाईनं तोंडावर विचारलं, "गौराबाई, काजळी धरल्यागत तोंड झालंया, काय झालंय काय तुला?" मी म्हणाले, कावीळ. तिला पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरची कामं एकदम वाढली.

कावीळ नाही. मला कुष्ठरोग झाला होता. लिहून टाकलं एकदाचं.

गेल्या वर्षी पूजेला बसले, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, तर गार लागेना. म्हटलं, वय झालं. पाठीवरच्या चट्ट्यांना गजकर्ण समजून मलम चोळत बसले. उजव्या हाताचंही तेच होत गेलं. मग एकदा भाकरी उलटताना जळका वास आला, बघते तर बोट तव्याला टेकलेलं. तेव्हा दवाखाना गाठला.

पहिल्याच गोळ्यांनी लघवी लाल झाली. आता काही मी जगत नाही म्हणून रिक्षा करून परत गेले. डॉक्टरीणबाई हसली. "गोळीचा रंग हाय मावशी. आता कातडी बी काळी पडंल, गोळ्या थांबल्या की हळूहळू उतरंल. तुमच्यापासनं आता कुणाला लागण न्हाय, बिनघोर ऱ्हावा की."

बिनघोर कशी राहू? लागणीची नाही, मला पाण्याची भीती होती. गल्लीतली निम्मी पोरं मी पायांवर घेऊन न्हाऊ घातली, हातानं पाणी बघून. तुझ्या बाळावर कढत पाणी ओतलं असतं आणि मला कळलंही नसतं. म्हणून सोय नाही म्हणाले.

आता गोळ्या संपल्या. डॉक्टरीणबाई म्हणते, बरी झालीस. रंग अजून तसाच आहे. पण सोमवारी लिंगावर पाणी घातलं आणि तळहाताला गार लागलं. परत घातलं, परत लागलं. तांब्या रिकामा होईपर्यंत घालत बसले, रडत बसले, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं गं.

गरम आणि कोमट यातला फरक मात्र अजून कळत नाही.

तरी बाळंतपणाला इकडेच ये. सासूबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. आलीस तर मला बघून दचकू नको. घंगाळ तुझ्या बाजेशी आणून ठेवीन. पाण्यात हात तू घालून बघ. न्हाऊ मी घालीन.

तुझीच,
आई