चोवीस कार्बन दाराबाहेर

३ तारीख, सोमवार, सकाळ
जेवण पोटात जातं, मग ताकद बोटांत कुठून येते? बाबांनी शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी, तीही जीवशास्त्राची. "सायट्रिक ॲसिड चक्र," एवढंच म्हणून आंघोळीला गेले.

संध्याकाळ
शुक्रवारी मी शिकवते त्या क्लासचे मालक, म्हणजे सर, माझा तास बघणार. आवडला तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. विषय ठरला: तेच चक्र. नोट्स अजिबात सांगणार नाही. मुलांना समजलं पाहिजे.

५ तारीख
एका जागी बसवत नाही. धडा चारदा वाचला, त्यापैकी तीनदा येरझाऱ्या घालत. चार कार्बनांना दोन येऊन मिळतात, सहा होतात. दोन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात, पुन्हा चार. फिरता फिरता सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे ऊर्जेच्या कामी येतात. किती सोपं! मुलंच कार्बन करायची.

६ तारीख
बाबांनी मुलांना लावायला चिंध्यांचे अठ्ठावीस कार्बनचे बिल्ले शिवून दिले. आई म्हणाली, एवढ्यात दोन शर्ट झाले असते. शिक्षणाला दूरदृष्टी लागते.

७ तारीख, शुक्रवार
तास रंगला. चार जण गोलात, दोन आत, दोन दाराबाहेर. बारा फेऱ्या. इतक्या उत्साहाने बाहेर जाणारे विद्यार्थी मी पाहिले नव्हते. दिवसाचा शेवटचाच तास होता. बाहेर पडलेला कार्बन पुढे कुठे जातो, हे धड्यात नव्हतं. घरी जातो.
सर उशिरा आले. चौघांकडे पाहून म्हणाले, "मॅडम, बाकीचा वर्ग कुठाय?"
मी म्हटलं, "उच्छ्वासात गेला, सर."
ते हसले नाहीत. सोमवारी पुन्हा बघणार. शेवटची संधी.

८ तारीख
शास्त्रीयदृष्ट्या तास निर्दोष होता. चारच उरायला हवे होते, चारच उरले. शिपाईकाकांनी मात्र विचारलं की सोमवारी गेटला कुलूप लावू का. दुर्लक्ष केलं. तत्त्वाशी तडजोड नाही. फार तर गोल लहान करीन.

१० तारीख, सोमवार, दुपार
सर मागच्या बाकावर बसले होते. बिल्ले पर्समधून काढलेच नाहीत. वह्या उघडायला सांगितल्या आणि स्वल्पविरामांसकट चार पानं नोट्स सांगितल्या. सर म्हणाले, "आता कशा मॅडम वाटता." नोकरी कायम. एकही कार्बन जागचा हलला नाही.