अक्रोडाची एप्रिल छाटणी

८ एप्रिल २००६, शनिवार
छाटणी उरकली. खालच्या मजल्यावरचे घरमालक केस्लर आजोबा गुडघ्यांच्या उपचारासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेलेत, मेच्या मध्यात येतील. जाताना म्हणाले होते, अंगणातल्या अक्रोडाच्या फांद्या छपराला टेकताहेत, कधीतरी काढायला हव्यात. म्हटलं, येतील तेव्हा काम झालेलं दिसू दे. तीन फांद्या काढल्या, त्यातली एक मांडीएवढी.
हातात करवत, पाठीवर कोवळं ऊन, एप्रिल महिना. क्षणभर तासगावच्या बागेतच होतो. आमच्याकडे द्राक्षाची एक छाटणी याच महिन्यात. दादा म्हणायचे, हात आखडू नकोस, वेल पुन्हा जोमाने फुटते.
गौरी वरच्या खिडकीतून जर्मनमध्ये ओरडत होती, सांभाळून म्हणून. तेराव्या वर्षीच आईचा, सु. चा, आवाज आलाय लेकीला.

९ एप्रिल
पूजा आटोपून खाली गेलो. झाडाखालचा बाक ओला. पाऊस तर नव्हता. वर पाहिलं, तिन्ही कापांतून पाणी गळतंय.
वेलही छाटल्यावर पाझरते. म्हणून फार मनावर घेतलं नाही.

१३ एप्रिल, हनुमान जयंती
गळती वाढली. खोडावर काळी ओली रेघ उतरलीय. सु. ला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, सगळी झाडं म्हणजे तुमच्या दादांची बाग आहे का? विचारायचं तरी कुणाला." मग बाक पुसू लागली. तेच मला जास्त लागलं.

१४ एप्रिल
इथला गुड फ्रायडे. रस्त्यावर गाडी नाही, कुणी गवत कापत नाही. झाडाखाली माळ घेऊन बसलो. थेंब बाकावर पडतो, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रासारखं. पण तिथे पाणी आपण ओततो. इथे झाड स्वतःचंच...
माळेचे मणी आणि थेंब कधी एका लयीत आले कळलं नाही. डोळे मिटले तेव्हा असं वाटलं की मीच उभा आहे आणि कुणीतरी खाली बसून ऐकतंय.
गौरीने बोटावर थेंब घेऊन चाखला. "झ्यूस," म्हणाली. गोड आहे.

१८ एप्रिल
ऑफिसात बॉनेटचा पत्रा ज्या साच्यात दाबतात ती डाय स्क्रीनवर फिरवत होतो. वळण हळूहळू फांदीसारखं दिसू लागलं. शेजारच्या टेबलावरच्या डीटरने विचारलं, कुठे हरवलास? सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला. अक्रोड उन्हाळा सरताना कापतात, ऑगस्टच्या शेवटी, पाने फुटायच्या आधी तर मुळीच नाही. हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं.

२२ एप्रिल
कापांना लावायला मोरचूद-चुना शोधला, दुकानदाराला कळेना. शेवटी मेन नदीपलीकडच्या गोठ्यातून बादलीभर शेण आणलं, माती मिसळून लिंपलं. गोठेवाली बाई पैसे घेईना, कशाला हवंय तेवढं विचारत राहिली. वास जावा म्हणून सु. गाडीची चारी दारं उघडून उभी. "लोकांच्या डिकीत टेनिसच्या बॅगा असतात."
संध्याकाळपर्यंत लिंपण वाहून गेलं. ओल्यावर काही टिकत नाही.

४ मे
गळती थांबली. आनंद व्हायला हवा.
पण शेजारच्या आवारातल्या अक्रोडाला तांबूस पालवी आली, वाऱ्यावर तान्ह्या मुलाच्या तळव्यांसारखी हलते. आमचं उघडं. थांबलं म्हणजे जखम मिटली, की द्यायला उरलं नाही?
देवापुढे बसतो तेव्हा काही मागायची सवय नाही. आज मागितलं.

१४ मे, रविवार
केस्लर आजोबा आले. सामान टॅक्सीतच, आधी बाकावर जाऊन बसले. मी जिना उतरेपर्यंत त्यांनी वर पाहिलंही होतं. सगळं सांगितलं, आमच्याकडची छाटणी, माझी घाई, शेण. शेणाचं ऐकून भुवया वर गेल्या. माफी मागितली. ती स्वीकारली की नाही कळलं नाही.
मग झाडाबद्दल बोलू लागले. झाड इथलं नाही. युद्ध संपताना त्यांचं गाव सुटलं, आता ते दुसऱ्या देशात आहे. आई आणि बारा वर्षांचे हे, पायी. आईच्या पिशवीत घरच्या झाडाचे अक्रोड.
"खायला आणले होते. एक राहिला."
तो आधी एका गळक्या बादलीत लावला, रोप झालं, आणि हे घर बांधल्यावर इथे आणलं. गावाला पुन्हा कधी गेले नाहीत.
मी विचारलं, आता काय करायचं? म्हणाले, "वार्टन, हेर माने." वाट बघायची, मानेसाहेब.


१६ मे
पहाटे थंडी पडली. शेजारच्या अक्रोडाची पालवी काळी पडून लोंबतेय. आमच्या झाडाचे डोळे, जिथून पालवी फुटते ते, अजून मिटलेले, म्हणून वाचले. जिवंत असतील तर. आजोबा कुंपणाशी काठी टेकून पाहत होते. मी खिडकीतून. दोघांनी एकमेकांना पाहिलं, मान हलवली नाही.

२७ मे
जेवताना खालून छताला काठीचे ठोके. सु. ला वाटलं टीव्ही मोठा झालाय. बारीक केला. पुन्हा ठोके. बंद केला. पुन्हा. शेवटी गौरी खाली पळाली आणि अंगणातून आम्हाला हाक मारली.
खालच्या फांद्यांना पालवी. तांबडी, ओलसर, अजून घडी न मोडलेली. आजोबा काठी वर करून एकेक दाखवत होते, जणू आम्हाला डोळे नाहीत. सु. ने हात जोडले.
वरची, छपराकडची मोठी फांदी मात्र तशीच.

९ जुलै
दुपारी बाकावर दोघे. पानांचा वास हाताला लागतो, औषधासारखा, किंचित लिंबासारखा. त्या सावलीत झोप लागते, आणि झोपेत कुठलं गाव दिसतं ते सांगता येत नाही. माझं नसतं. त्यांचंही मी कुठे पाहिलंय?

२६ ऑगस्ट, शनिवार
उद्या गणपती. मखराचे कागद कापत होतो तर आजोबांनी बोलावलं. शिडी काढून ठेवलेली, करवतीला तेल दिलेलं. वरची फांदी मेली आहे, म्हणाले, आता महिना बरोबर आहे, काढा. मला वाटलं होतं ते माणूस बोलावतील.
वर गेलो. नखाने साल खरवडली. टोकाकडे तपकिरी, कोरडी. खोडाकडे येताना एके ठिकाणी हिरवी रेघ. बारीक, पण हिरवी. पुढे पुन्हा तपकिरी.
खालून विचारलं, काय?
म्हटलं, कळत नाही. अर्धी असेल.
"मला पुढच्या मेपर्यंत थांबायला लावताय."
"हो."
ते शिडी धरून उभे, मी वर करवत घेऊन. मग म्हणाले, "टोक तेवढं काढा."
टोक काढलं. हिरव्यापासून वीतभर लांब थांबलो. अजून थोडं कापावंसं वाटत होतं, हाताची जुनी सवय.
उतरल्यावर शिडी उचलू लागलो तर त्यांनी दुसरं टोक धरलं. नको म्हटलं, ऐकेनात. त्यांच्या गुडघ्याच्या चालीने, थांबत थांबत, आम्ही ती शेडमध्ये नेऊन ठेवली.