उपड्या टोपासारखं बेट

बाबा, तुमच्या आजोबांना पान ठेवून आम्ही परत आलो. आई आतल्या खोलीत झोपली आहे. तिचं शरीर अजून स्कॉटलंडच्या घड्याळावर चालतंय, त्यामुळे भर दुपारी घोरते आणि उठली की मला विचारते, "आता नाश्तो की जेवण?" मी बुकित बातोकच्या या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. समोर तुम्ही आणलेला लाल थर्मास उपडा करून वाळत ठेवलाय. तुमचं जहाज सिंगापूरला लागलं होतं तेव्हा तुम्ही तो घेतला होता, आणि घरी आल्यावर आईच्या आधी माझ्या हातात दिला होता. त्याचं झाकण आता नीट बसत नाही. तरी या प्रवासात चहा त्यातूनच प्यायलो. आईचा हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

सर्वपित्रीचा तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. मी सात-आठ वर्षांची असेन. चुलीपाशी आई वडे तळते आहे, काळ्या वाटाण्यांचं सांबार उकळतंय, आणि मी परातीतला एक गरम वडा उचलून तोंडात घातला आहे. तुम्ही दारातून आलात, आणि कधी नव्हे ते ओरडलात, "आदी तेंका, मगे आमका!" तो वडा मला गिळताही येईना, थुंकताही येईना. मग तुम्हीच खाली बसलात आणि समजावलंत. तुमचे आजोबा आगबोटीवर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा मारायचे. बोट विलायतेला असताना तापाने गेले. जाळायची सोय नव्हती, म्हणून किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावात चर्चच्या आवारात पुरलं. सोबतचा आपल्या गावचा खलाशी परत आला. त्याला ना दिवस सांगता आला, ना गावाचं नाव. एवढंच म्हणाला, की पुरलं तिथून समुद्रात एक बेट दिसतं, उपड्या टोपासारखं. "आजो थंय एकलोच रवलो गो," तुम्ही म्हणालात, आणि एक पान समुद्राच्या बाजूला, बाकीच्यांपासून वेगळं ठेवलंत.

पुढे तुमचंही जहाज स्कॉटलंडच्या बाजूने, त्याच पाण्यातून गेलं. ही गोष्ट तुम्ही कितीदा सांगितलीत! इंजिनरूममधून तेलकट हातांनी वर आलात, आणि धुक्यात ते बेट समोर. अगदी उपडा टोप. पण उतरायला परवानगी नव्हती, माल भरला आणि जहाज निघालं. तुम्ही कठड्यापाशी उभे राहून हात जोडलेत, आणि शेजारी उभा असलेला फिलिपिनो कुक तुम्हाला म्हणाला, "देवळात आलायस की काय?" यावर तुम्ही नेहमी हसायचात. शेवटच्या आजारपणात सांगितलंत तेव्हा मात्र हसला नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. दहाव्याला व्हाळाच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले होते, आपल्याकडे बघत होते, पण खाली एकही येईना. मोठे काका पुढे होऊन म्हणाले, "पोरीचं लग्न मी लावून देईन." आत्याकडचे म्हणाले, "वहिनीला अंतर देणार नाही." कोणी पडवी पुरी करायचं बोललं, कोणी आंब्याची कलमं राखायचं. मी मागे सुरूच्या झाडांपाशी बायकांत उभी होते. मला ठाऊक होतं तुमचं कशात अडकलंय. मी दोन पावलं पुढे होऊन म्हटलंसुद्धा, "त्यांच्या आजोबांना..." तेवढ्यात काकांनी हात केला, "तू गप रव. ह्या चेडवांचा काम न्हय." ऊन चढलं, भटजींना दुसरीकडे जायचं होतं. शेवटी काकांनीच दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. विधी पुरा झाला, सगळे अंघोळीला गेले. मी त्या गवताच्या कावळ्याकडे बघत राहिले आणि ठरवलं, की हे असं गवतावर भागवायचं नाही. तुमच्या आजोबांना त्यांच्या जागी जाऊन पान ठेवायचं, आणि ते मी ठेवायचं.

त्यानंतर मी इंजिनिअर झाले, आपल्या घरातली पहिली पदवी. लोक म्हणाले, बापाचं नाव काढलं. मग सिंगापूरची नोकरी. कधी रविवारी ईस्ट कोस्टला गेले की नांगर टाकून उभी असलेली जहाजं मोजायची नाहीत, नुसती बघायची, असं ठरवते. त्यातल्या कुठल्यातरी एकाच्या पोटात तुम्ही उभे आहात असं वाटतं. पण जायचा खरा जोर मिळाला तो माझ्याच बिल्डिंगच्या खाली. इथले चिनी लोक त्यांच्या सातव्या महिन्यात पितरांसाठी फुटपाथच्या कडेला भात, संत्री, चहाचे छोटे कप मांडतात. साळुंक्या येऊन भात उचलतात. एकदा ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीला मी सांगितलं, की मला स्कॉटलंडला जायचंय, पणजोबांसाठी. तिने डोळे मोठे केले. "तुझे पणजोबा आंग मो?" आंग मो म्हणजे गोरा. मी सगळं सांगितल्यावर ती, इथले लोक वाक्याला "ला" जोडतात तशी, म्हणाली, "मग जा ना. आमच्यात कबर झाडायला मुलगा-मुलगी बघत नाहीत, ला. ज्याला सुट्टी मिळेल तो जातो." काकांना जे फोनवर दोन वर्षं पटत नव्हतं, ते तिला जेवणाच्या सुट्टीत पटलं.

तिकडच्या गावांना बस धड नाही, म्हणून गाडी शिकले. पहिल्या परीक्षेत नापास झाले. वळणावर हॉर्न वाजवला म्हणून! शिकवणारे अंकल कपाळाला हात लावून म्हणाले, "कोणासाठी वाजवलास? तिथं कोणी नव्हतं, ला!" मी म्हटलं, आमच्या घाटात कोणी नसेल तरच वाजवतात. दुसऱ्यांदा पास झाले. ज्या वर्षी सर्वपित्री ऑक्टोबरात आली त्या वर्षी सुट्टी टाकली, आणि आईला गावाहून बोलावून घेतलं. काकांनी शेवटचं सांगून बघितलं, "चेडवांनी पान ठेवचा नसता. फुकट जायत." आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जातास काय? नाय मां? मगे आमी जाताव."

बाबा, तो रस्ता तुम्ही बघायला हवा होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बटाट्याची काढून झालेली शेतं, आणि मध्ये एकाच गाडीपुरता रस्ता. झाडं तांब्याची भांडी घासून ठेवावीत तशी. आईने आयुष्यात अशी पानगळ बघितलेली नाही. ती पहिले दोन तास काळजीत. "गो, इतकी झाडा एकदम वठली? रोग पडलो काय?" मी म्हटलं, इथं दर वर्षी होतं, परत फुटतात. तिचा विश्वास बसला नाही. एका वळणावर मी हॉर्न वाजवलाच, आणि पलीकडे रस्त्यात बसलेली मेंढरं उठून आमच्याकडे अशी बघायला लागली, की आईने काच खाली करून त्यांची माफी मागितली.

पहिल्याच गावात चर्चच्या मागे गेलो, आणि समोर समुद्रात ते बेट. उपडा टोप. मला रडू कोसळलं, आईने हात जोडले. हीच जागा, वाटलं. पण जुन्या दगडांत खलाशांचं काही नव्हतं, आवार झाडणारा माणूसही म्हणाला, इथं बाहेरचे पुरलेले त्याला ठाऊक नाहीत. पुढच्या गावी गेलो. चर्चच्या पायऱ्या चढलो, वळून बघितलं, आणि आई म्हणाली, "हयसून पण दिसता मां!" त्याच्या पुढच्या गावातूनही दिसलं. त्याच्याही पुढच्या. त्या अख्ख्या किनाऱ्यावर कुठेही उभं राहा, ते बेट समोर आहेच, आणि कुठूनही बघा, ते उपड्या टोपासारखंच दिसतं. तीन पिढ्या आपण त्या एका खुणेवर विसंबून होतो. खूण खरी होती, पण ती कोणत्याच एका जागेची नव्हती. दोन दिवस गावामागून गाव फिरलो. एका आवारात नाव नसलेल्या खलाशांचा एक दगड होता, दुसऱ्यात भिंतीलगत नुसतेच गवताचे उंचवटे. कुठलाही त्यांचा असू शकतो, कुठलाही नसू शकतो. सर्वपित्री दुसऱ्या दिवशी होती. गाडीत थर्मासातला चहा ओतताना आई हळूच म्हणाली, "ऱ्हवांदे आता. इतक्या केलंस ता खूप झाला."

मला नाही म्हणायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, "आई, सर्वपित्री कोणासाठी असते?" ती म्हणाली, "जेची तिथी ठावक नाय, तेच्यासाठी." मग मी म्हटलं, "तिथी ठाऊक नसली तरी पितर येतात असं आपण मानतो ना? मग जागा ठाऊक नसली तर का येणार नाहीत? सगळ्या तिथींची मिळून एक अमावास्या असते. तशी सगळ्या जागांची मिळून एक जागा आपण धरू." आई बेटाकडे बघत म्हणाली, "बापाशीवर गेलंस अगदी." आणि लगेच, "वड्यांचा पीठ आज भिजवूक होया."

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी सकाळी स्वयंपाकघर आमच्या ताब्यात दिलं. आई वडे तळते आहे, मी खीर ढवळते आहे, आणि त्या विचारताहेत, किती पाहुणे येणार? मी म्हटलं, एकच, माझे पणजोबा. पण त्यांच्या वतीने कावळा जेवेल. त्या जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कावळे काय, माझ्या पावाचा तुकडा कधी टिकू देत नाहीत." केळीचं पान मिळणार नव्हतं, म्हणून त्यांनी परसातल्या कोबीची मोठाली पानं कापून दिली. आईने ती धुऊन, उलटसुलट बघून पसंत केली.

नाव नसलेल्या खलाशांच्या त्या दगडापाशी पान मांडलं. तोंड बेटाकडे. पितरांना हाक मारून गाऱ्हाणं घालायला पुरुष लागतो, म्हणून आई माझ्याकडे बघत थांबली, आणि मी सुरू केलं. "म्हाराजा, तुझ्या नातवाचा चेडू तुझ्या दारात इला हा!" मागून आई म्हणाली, "व्हय म्हाराजा!" "तुझी तिथी आमका ठावक नाय, तुझी जागा ठावक नाय!" "व्हय म्हाराजा!" "खंय आसशीत थंयसून ये, आणि गोड मानून घे!" "व्हय म्हाराजा!" "आणि माझ्या बापाशीच्या मनात जा काय रवला हुता, ता आज पुरा करून घे!" यावर आईचा आवाज फुटला, तो इतक्या मोठ्याने, की रस्त्यावरून कुत्रा फिरवत जाणारा माणूस थांबून टोपी काढून उभा राहिला.

आम्ही दहा पावलं मागे सरलो. दूरच्या झाडावर कावळे होते, काळे, आपल्याकडच्यासारखेच. ते हलले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर व्हाळाकाठचा तो दिवस उभा राहिला. आणि तेवढ्यात समुद्रावरून एक दांडगा पांढरा सीगल आला, पानावर उतरला आणि अख्खा वडा उचलला. आई धावली. "हाड! तुका कोण बोलवूक गेल्लो?" तो दोन पावलं सरकला, आईकडे बघितलं, आणि परत येऊन भातात चोच घातली. आई हात वर करून तशीच थांबली. हात खाली घेतला. मग म्हणाली, "ऱ्हवांदे. दर्यावर गेलेल्याक दर्याचोच कावळो येतलो." आम्ही दोघी तिथेच ओल्या गवतात बसलो आणि त्याला जेवताना बघत राहिलो. त्याने काही उरवलं नाही, बाबा. कोबीचं पानसुद्धा टोचलं.

तिथूनच काकांना फोन लावला. ते पडवीतच बसून असणार, कारण पहिल्याच रिंगला उचलला. "कावळो शिवलो?" मी म्हटलं, "शिवलो." "वेळ लागलो?" "नाय काका. लगेच." मग काका म्हणाले, "बरा केलंस गो. तेव्हा माझ्या हातान गवताचो करूचो लागलो हुतो. पिंडाक हात लावताना दर वर्षी ता आठवता." आई शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि वाकून टोचलेलं कोबीचं पान उचललं.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते या टेबलाच्या खणातच राहील. तेच बरं. काकांच्या हाती पडायला नको. तो सीगल होता, हे फक्त तुम्हाला सांगितलंय.