पुढची दोन चाकं

२३ नोव्हेंबर २००२, शनिवार
गाडी आली! आमचा मित्र श्रीरंग नोकरी गेल्यामुळे कायमचा नागपूरला चाललाय. त्याने मूव्हिंग सेलची ईमेल टाकली. लोक सोफा आणि राइस कुकरवर तुटून पडले. मी थेट एसयूव्हीवर बोट ठेवलं. काळी, उंच, मागे स्पेअर व्हील आणि त्याच्या कव्हरवर डोंगराचं चित्र. वसुधा म्हणाली, फोर व्हील ड्राइव्ह आहे का ते विचारलंस? आता डोंगराचं चित्र काय उगाच लावतात? आणि आपल्या माणसाला असले प्रश्न विचारायचे? तो बिचारा खोके बांधताना रडवेला झाला होता. बायकांना गाड्यांतलं काही कळत नाही.

२४ नोव्हेंबर
वसुधाने बॉम्ब टाकला. तिला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हर्नडनला नोकरी मिळाली आहे. जानेवारीत ती शिवांगीला घेऊन जाणार. मी म्हटलं, वा, आपण सगळेच जाऊ. तर म्हणाली, तुझं मी अजून ठरवलेलं नाही. कंपनी बंद पडल्यापासून तू रोज उठून नवीन काहीतरी ठरवतोस. त्यातली एक तरी गोष्ट पुरी झालेली मला बघू दे, मग बोलू.
अट सोपी आहे. एकच गोष्ट. नोकरी शोधणं ही गोष्टही घेता आली असती, पण त्यात समोरच्याची मर्जी लागते. मी घेतली बर्फातल्या ट्रेलवरची, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवरची, ऑफ-रोड ड्राइव्ह. शिवांगी अकरा वर्षांची झाली, इथे सांता क्लारात जन्मली, पोरीने बर्फ फ्रीझरमध्येच बघितलाय. बाप म्हणून माझी काही जबाबदारी आहे की नाही?

३० नोव्हेंबर
गाडीची पूजा. शेजारच्या सुमित्राकाकू मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना बोलावलं. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. मी गाडी पुढे घेतली. चारही लिंबं फटाफट चिरडली! वसुधाला हाक मारून दाखवलं. घे, ही तुझी फोर व्हील ड्राइव्ह. ती काहीच बोलली नाही. पुराव्यापुढे माणूस गप्प होतो.

७ डिसेंबर
प्रॅक्टिस. बंद पडलेल्या कंपन्यांचे पार्किंग लॉट इथे आता पैशाला पासरी. स्पीड ब्रेकर तिरका चढवला. पुन्हा चढवला. शिवांगीला म्हटलं, असाच डोंगर चढायचा असतो. ती म्हणाली, बाबा, कॅन आय गो होम? मुलांना पेशन्स नाही.

१४ डिसेंबर
इंटरनेटवर ऑफ-रोडवाल्यांचा फोरम वाचला. सल्ले: बर्फात चाकांवर चढवायच्या चेन न्या, फावडं न्या, एकटे जाऊ नका. आम्ही तिघं आहोत. फावडं घेतलं (शिवांगीचं, बीचवरचं, पण मजबूत आहे). चेन घेणार नाही. चेन म्हणजे कुबड्या. वसुधा म्हणाली, घे ना चेन, ओझं होत नाही. हिचा माझ्यावर विश्वास नाही हेच तर मूळ दुखणं आहे.

२१ डिसेंबर
आज जाणार होतो. कॅन्सल केलं. डोंगरात बर्फ पडत होता.

२२ डिसेंबर
वसुधाने खोके आणले. तिचे आणि शिवांगीचे कपडे भरायला लागलीये. माझ्या कपाटाला हात लावलेला नाही. माझे कपडे शेवटी भरणार असेल, थोडेच तर आहेत.
निर्धार: पुढच्या शनिवारी काहीही होवो, जायचंच.

२८ डिसेंबर, सकाळी
निघालो! तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा. वसुधा माझ्याशेजारी बसली आणि हसलीसुद्धा. म्हणाली, चला, एकदा निघालो तरी. किती दिवसांनी हसली. मला एकदम भरून आलं.

२८ डिसेंबर, दुपारी
हायवेवर चेन कंट्रोल, म्हणजे चेन नसलेल्या साध्या गाड्या अडवायची चौकी. पिवळा कोट घातलेला माणूस प्रत्येक गाडी थांबवत होता. मला विचारलं, फोर व्हील ड्राइव्ह? मी छाती काढून हो म्हटलं. त्याने हात केला, जा! बाकीचे थंडीत गुडघे टेकून चेन चढवत बसले होते. मी वसुधाकडे बघितलं. तीही बघत होती.
आता ट्रेलच्या तोंडाशी आहोत. पाटी आहे: हिवाळ्यात रस्त्याची देखभाल होत नाही. ती साध्या गाड्यांसाठी.

२८ डिसेंबर, थोड्या वेळाने
ट्रेलवर थांबलोय. ‘अडकलोय’ हा वसुधाचा शब्द. चढावर गाडीने जरा दम घेतला आणि मग हळूहळू मागे सरकून कडेच्या बर्फात बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला. शिवांगी खाली उतरून बघत होती. ओरडली, बाबा, ओन्ली द बॅक वन्स आर मूव्हिंग! मी समजावलं, पुढची चाकं गाडी राखून ठेवते, गरज पडली की लागतात. वसुधा म्हणाली, मग आता कधी गरज पडायची?
फावड्याने खणलं. मोडलं.

२८ डिसेंबर, तासाभराने
मोबाइलला सिग्नल नाही. शिवांगीचे बूट शाळेचे, आत बर्फ गेला. आधी स्नोमॅन करत होती, मग पाय दुखतात म्हणून रडायला लागली. वसुधाने तिचे पाय आपल्या स्वेटरमध्ये घेतले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. पुऱ्या गार झाल्यात. मी पुढची चाकं चालू करायचा खटका शोधतोय. सीटखाली, रेडिओच्या मागे, सगळीकडे बघितलं. श्रीरंगने कुठेतरी खास जागी बसवला असणार.

२९ डिसेंबर, रविवार
काल अंधार पडायच्या आत एक म्हातारं जोडपं जुन्या जीपमधून आलं आणि दोर लावून आम्हाला ओढून खाली आणलं. वसुधा आणि शिवांगी त्यांच्या जीपमध्ये बसल्या, तिथे हीटर चांगला होता. मी आपल्या गाडीत एकटाच स्टिअरिंग धरून. मागून बघत होतो, त्या आजीबाईंनी शिवांगीला पांघरूण दिलं आणि वसुधाने डोळे पुसले.
घरी आल्यावर श्रीरंगला नागपूरला फोन केला. तो म्हणाला, फोर व्हील? छे रे! मी ती ऑफिसला जायला घेतली होती. कव्हर आधीच्या मालकाचं. तू विचारलंच नाहीस, यार.
म्हणजे चूक माझी नाही. गाडीच चुकीची निघाली. योग्य गाडी असती तर योजना शंभर टक्के पार पडली असती. हे वसुधाला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, अरे, तू त्या माणसाला हो म्हणालास. माझी पोर मागे बसली होती आणि तू हो म्हणालास.
उत्तर उद्या देतो म्हटलं.

४ जानेवारी २००३
दोघींना एअरपोर्टवर सोडलं. वसुधा म्हणाली, बघू, फोनवर बोलू. ‘बघू’ म्हणजे नाही असं नव्हे. शिवांगीने मिठी मारली आणि म्हणाली, बाबा, डोन्ट ड्राइव्ह इन द स्नो, ओके? इथे कुठला आलाय बर्फ. घरी आलो. कपाट उघडलं, माझेच कपडे होते.

११ जानेवारी
हर्नडनमध्ये हिवाळ्यात भरपूर बर्फ असतो असं वाचलं. त्या दोघींना अनुभवी माणसाची गरज पडणारच. अनुभव माझ्याकडे आहे, वाईट का असेना. फोन येईल तेव्हा द्यायच्या सूचना लिहून काढल्या.

९ फेब्रुवारी, रविवार
वसुधाचा फोन. तिकडे खूप बर्फ पडलाय. मी लगेच सूचना सुरू केल्या: पुढच्या गाडीपासून अंतर ठेव, ब्रेक एकदम दाबू नकोस, चेन घेऊन ठेव. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी तीन आठवडे चालवतेय रे. छोटीशी जुनी गाडी घेतलीय, हळू नेली की जाते. काल शिवांगीला टेकडीवर घसरगुंडी खेळायला नेलं होतं, खूप हसली.
मी विचारलं, मग मी कधी येऊ?
तिकडे मागे शिवांगी कुणाशी तरी इंग्रजीत खिदळत होती. मग वसुधा म्हणाली, एकनाथ, नको येऊस. आमचं बरं चाललंय.
मी ठीक आहे म्हटलं. फोन ठेवला. मी तिला दोष द्यायला काहीतरी शोधत होतो, सापडलं नाही. मला दोघींची फार आठवण येतेय.
आज काही ठरवलं नाही.